बसक्या गाडीची कुळकथा

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात 1958 साली एक कलम आले. पुढे 24008 या क्रमांकाने ते ओळखले जाऊ लागले. चाकाची रिम रस्त्यापासून जितकी वर असते, त्याच्याही खाली गाडीचा एखादा भाग येईल असा फेरफार करून ती रस्त्यावर आणली, तर तो गुन्हा ठरे. कलमाची भाषा कोरडी, मोजमापाची होती. पण त्याचा रोख कोणावर होता हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. पूर्व लॉस एंजेलिसमधले आणि आजूबाजूच्या वस्त्यांतले मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या शेव्हरोले विकत घेत, त्या जवळजवळ जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवत आणि रविवारी संध्याकाळी हमरस्त्यावरून सावकाश फिरवत. या गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांनाही ‘लोअरायडर’ म्हणतात.

गाडी खाली बसवायची म्हटले की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, गाडी दिसली पाहिजे. दुसरा म्हणतो, बसणाऱ्याची कंबर शाबूत राहिली पाहिजे. या ओढाताणीत तिसरा वाटेकरी आहे, वेग, आणि त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. बसक्या गाडीचा इतिहास मागे मागे वाचत गेले की दिसते, रूप आणि आराम दोन्ही ज्यांना मिळाले त्यांनी किंमत वेगात मोजली होती. ज्यांना तिन्ही हवे होते त्यांना कारखान्याएवढा खर्च आला.

मुळात गाडी उंच होती ती कशासाठी? 1804 साली लंडनच्या ओबादाया इलियटने घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगचे पेटंट घेतले. तेव्हापासून चाक आणि बैठक यांच्यातली मोकळी जागा हाच आरामाचा साठा ठरला. 1908 ची फोर्ड मॉडेल टी उंच होती, कारण तिला शेतवाडीच्या चाकोऱ्यांतून जायचे होते. चाक वर उचलले जायला जागा हवी आणि पोट दगडाला लागता कामा नये.

यामागचे गणित सोपे आहे. गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दबते, यावर गाडी कोणत्या लयीत डोलेल हे ठरते. स्प्रिंग 25 सेंटिमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण एक हेलकावा घेते. सव्वासहा सेंटिमीटरच दबत असेल तर दोन. माणसाला सेकंदाला एक ते दीड हेलकाव्याची लय सुखाची वाटते. दोनच्या पुढे गेले की गाडी कडक लागते आणि प्रत्येक सांधा मणक्याला कळतो. म्हणजे मऊ गाडीला स्प्रिंगला दबायला भरपूर जागा लागते, आणि बसकी गाडी नेमकी तीच जागा खाते.

याचा शास्त्रशुद्ध शोध घेणाऱ्यांत मॉरिस ऑली हे नाव फार मोठे आहे. रोल्स-रॉइसमधून हा इंग्रज अभियंता 1930 साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे आला. पुढेमागे वजने सरकवता येतील अशी एक चाचणीची गाडी त्याने बनवली आणि तिच्यात माणसे बसवून त्यांना काय वाटते ते नोंदवले. तोवर गाड्यांचे पुढचे पाटे मागच्यापेक्षा कडक असत, त्यामुळे खड्ड्यावरून गेल्यावर गाडी नावेसारखी पुढेमागे झुलत राही. ऑलीने उलटे करायला सांगितले. पुढची लय संथ ठेवा, मागची किंचित जलद ठेवा. म्हणजे खड्डा आधी पुढच्या चाकाला लागला तरी मागची बाजू त्याला गाठते आणि गाडी सपाट राहते. पण पुढचा अखंड अॅक्सल ठेवून पुढची स्प्रिंग इतकी मऊ करता येत नव्हती. म्हणून 1934 च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने पुढच्या दोन चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. त्या मऊ शेव्हरोले दहा-पंधरा वर्षांनी जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि ज्या वस्त्यांत गेल्या, तिथून आपली कथा पुढे सरकते.

त्याआधी एक फाटा पाहायला हवा. 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पृष्ठभागांवर तरुण जुन्या फोर्ड शर्यतीसाठी पळवत. त्यांनीही गाड्या खाली आणल्या, पण स्प्रिंगला हात न लावता. पुढचा अॅक्सल तापवून असा वाकवायचा की चाके वर राहतील आणि मधला भाग खाली येईल. किंवा बॉडीचा तळ कापून ती चॅसीच्या पट्ट्यांवरून खाली उतरवायची. गाडी दहा सेंटिमीटर खाली आली तरी चाकाला हलायला पूर्वीइतकीच जागा राहते, फक्त बॉडी उतरवली असेल तर आत बसणाऱ्याच्या डोक्यावरची आणि पायाखालची जागा कमी होते. खाली बसवण्याची ही सगळ्यात प्रामाणिक रीत आहे असे माझे मत आहे. ती महाग आहे, वेल्डिंगचा हात पक्का लागतो, पण तिच्यात स्प्रिंगशी लबाडी नाही.

मेक्सिकन वस्त्यांतल्या पोरांकडे एवढे पैसे नव्हते. 1940 च्या दशकात त्यांचा पहिला उपाय होता डिकीत वाळूच्या गोण्या. या उपायाकडे मी वारंवार परत येतो. गोणी टाकल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तीच स्प्रिंग जास्त वजन उचलते, म्हणून डोलण्याची लय उलट आणखी संथ होते. गुळगुळीत रस्त्यावर, बेताच्या वेगाने अशी गाडी गोण्या नसलेल्या गाडीपेक्षा मऊ चालते. तोटा एवढाच की खाली दबायला जागा उरत नाही, आणि मोठा खड्डा आला की अॅक्सल थेट रबराच्या बंपस्टॉपवर आपटतो. हेडलाइट आभाळाकडे बघतात ते वेगळेच. पण गोण्या काढता येतात. सोमवारी कामावर जाताना गाडी पुन्हा आपल्या उंचीवर. मिरवताना एक उंची आणि कामाला जाताना दुसरी, ही कल्पना इथे वाळूच्या रूपात पहिल्यांदा दिसते.

दुसरा उपाय होता स्प्रिंग कापणे. तो आजही जगभर आणि आपल्याकडेही चालतो, म्हणून त्याच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. आठ वेटोळ्यांच्या स्प्रिंगची दोन कापली की उरलेली सहा वेटोळी एक तृतीयांशाने अधिक कडक होतात, कारण वेटोळी कमी झाली की प्रत्येकाला जास्त पिळावे लागते. एकीकडे स्प्रिंग कडक झाली आणि दुसरीकडे बंपस्टॉप जवळ आला. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशेबाचे असल्याने उसळी आवरू शकत नाहीत. गाडी जॅकवर घेतली तर कापलेली स्प्रिंग कधी कधी आपली जागाच सोडते. कापण्याऐवजी गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग बसवण्याची रीत तर त्याहून वाईट आहे. पोलादाचे पाणी जाते आणि स्प्रिंग पुढे बसतच राहते. मागच्या बाजूला अॅक्सल वर यायला जागा मिळावी म्हणून जाणकार कारागीर चॅसीच्या पट्टीला अर्धगोल खाच पाडत आणि ती पट्टी पुन्हा मजबूत करत. ही एक खाच गाडीचा अर्धा आराम परत मिळवून देते. ती न करता फक्त स्प्रिंग कापून दिलेल्या गाड्यांनीच बसक्या गाडीचे नाव खराब केले.

आणि मग वेग. हमरस्त्यावरून संथ फिरणे ही लोअरायडरांची ऐट होती, पण तिला यांत्रिक आधारही होता. गाडीचा वेग निम्मा केला की त्याच उंचवट्याचा धक्का बराच मवाळ होतो, कारण चाकाला वर चढायला दुप्पट वेळ मिळतो. शर्यतवाल्यांनी खाली आणलेली गाडी पळवायची होती, लोअरायडरांना दाखवायची होती. त्यांनी वेग सोडून दिला, म्हणून इतक्या थोड्या जागेत त्यांचे भागले.

1958 चे कलम या पार्श्वभूमीवर आले. त्याच सुमारास खुद्द कारखाने याच प्रश्नाशी झगडत होते. फ्रान्समध्ये 1955 च्या पॅरिस प्रदर्शनात सिट्रोएनने डीएस ही गाडी मांडली. तिच्यात पोलादी स्प्रिंग नव्हत्या. पॉल माजेस या अभियंत्याने प्रत्येक चाकापाशी एक गोळा बसवला होता. त्यात पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचे तेल. वायू स्प्रिंगचे काम करी आणि तेल उंची राखी. गाडीत पाच माणसे बसोत की एकटा चालक, उंची तीच. तरफ सरकवली की गाडी वर उचलली जाई. अमेरिकेत कॅडिलॅकने 1957 च्या एल्डोराडो ब्रॉमला हवेचे सस्पेन्शन दिले आणि पुढच्या वर्षी शेव्हरोलेपर्यंत ते जादा पैसे भरून मिळू लागले. पण रबर गळे, नळ्यांतल्या ओलाव्याने झडपा अडत आणि सकाळी गाडी अंगणात बसलेली सापडे. अनेक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंग बसवून घेतल्या. दोन-तीन वर्षांत कंपनीनेही नाद सोडला.

कारखान्याला न जमलेले सॅन बर्नार्दिनो भागातल्या एका तरुणाने भंगारातून जमवले. रॉन अगीरेची 1956 ची कॉर्व्हेट इतकी खाली होती की पोलीस त्याला सतत दंड करत. 1959 च्या आसपास वडिलांच्या मदतीने त्याने विमानांच्या भंगारातले पेस्को कंपनीचे हायड्रॉलिक पंप आणि झडपा आणल्या, स्प्रिंगच्या जागी सिलिंडर बसवले आणि बटण चालकाच्या हाताशी ठेवले. पोलीस दिसला की गाडी वर, पार्किंगमध्ये लावली की खाली. ‘एक्स-सॉनिक’ या नावाने ती गाडी प्रदर्शनांतून गाजली. वाळूच्या गोणीने सुचवलेली कल्पना आता एका क्षणात अमलात येऊ लागली. विमानाचे पंप संपत आले तेव्हा ट्रकच्या मागच्या लिफ्टगेटचे पंप आले, बॅटऱ्या डिकीत गेल्या, आणि 1958 ते 1964 च्या शेव्हरोले इम्पाला या कामासाठी सगळ्यांच्या आवडत्या झाल्या.

आरामाच्या दृष्टीने मात्र या हायड्रॉलिक्सचे कौतुक डोळे झाकून करता येत नाही. तेल दबत नाही. सिलिंडर आणि चॅसी यांच्यामध्ये स्प्रिंगचे जे तुकडे उरतात, तेवढाच आराम. गाडी उड्या मारायला लावण्याच्या स्पर्धा सुरू झाल्यावर त्यासाठी जाड, कडक स्प्रिंग आणि डझनभर बॅटऱ्या आल्या. एकेक बॅटरी वीस किलोच्या पुढची. अशी गाडी ट्रेलरवरून स्पर्धेला नेलेलीच बरी. पण ज्या मंडळींना गाडी खरोखर चालवायची होती त्यांनी तेलाच्या वाटेत नायट्रोजनचा अॅक्युम्युलेटर बसवला. तेल दाबले की वायू दबतो आणि धक्का तिथे विरतो. हे माजेसचेच तत्त्व होते.

या गाड्यांचे रूप नंतर फार पुढे गेले. जेसी वालादेजची 1964 ची इम्पाला ‘जिप्सी रोज’, अंगभर गुलाब रंगवलेली, 1974 पासून ‘चिको अँड द मॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकदृश्यात घरोघरी दिसली. 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचे नाव लागले. न्यू मेक्सिकोतल्या चिमायोची ‘डेव्ह्ज ड्रीम’, 1969 ची फोर्ड एलटीडी, स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. दुसरीकडे गाड्यांचे हे फिरणे बंद पाडायचे नियम शहराशहरांत होत राहिले. सॅन डिएगोजवळच्या नॅशनल सिटीने 1992 मध्ये बंदी घातली होती. 24008 कलमातला बसक्या गाड्यांवरचा निर्बंध आणि अशा बंदीचे स्थानिक अधिकार 1 जानेवारी 2024 पासून राज्याच्या नव्या कायद्याने संपले. ज्या कलमामुळे पंप आले ते गेले, पंप राहिले. गाडी उचलल्याशिवाय ती नीट चालवता येत नाही, आणि ही गोष्ट कलम येण्याआधीही तितकीच खरी होती.

एक गोष्ट लोअरायडरांनी शेवटपर्यंत सोडली नाही, ती म्हणजे छोटे चाक. 13 इंची तारांची चाके आणि 155/80 चा टायर. या टायरची भिंत 124 मिलिमीटर उंच असते आणि तीही एक स्प्रिंगच आहे. दुसऱ्या, शर्यतवाल्यांच्या कुळाने उलट रस्ता धरला. पिरेलीने 1970 च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांतून रस्त्यावर आणलेला पी7 हा रुंद, बुटक्या भिंतीचा टायर पोर्शेच्या 911 टर्बोला शोभला, कारण त्या गाडीचे सगळे सस्पेन्शन त्याच्या हिशेबाने केलेले होते. मग मोठ्या अलॉय चाकांचा सोस सामान्य गाड्यांपर्यंत आला. आपल्याकडच्या हॅचबॅकचा 185/65 आर 15 काढून 205/45 आर 17 घातला तर चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, पण टायरची भिंत 120 वरून 92 मिलिमीटरवर येते. वर मोठी रिम बहुधा जड. खड्ड्याची धार थेट रिमला भेटते.

हवेचे सस्पेन्शन मात्र मागच्या दाराने परत आले. अमेरिकी बसगाड्यांनी ते 1953 पासून टिकवून ठेवले होते, आणि त्याचे कारण महाराष्ट्रातल्या प्रवाशाला सहज कळेल. पाट्यांवरची लाल एसटी पूर्ण भारासाठी बनवलेली असते. म्हणून भरलेली एसटी बरी चालते आणि रिकामी एसटी मागच्या सीटवरच्याला उडवते. मुंबई-पुणे शिवनेरीच्या व्होल्वोत हवेच्या फुग्यांतला दाब भाराबरोबर वाढतो, त्यामुळे भार बदलला तरी डोलण्याची लय फारशी बदलत नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांनी हेच फुगे आपल्या गाड्यांना लावले. उभी असताना जमिनीला टेकलेली आणि चालताना मऊ गाडी आज मिळते ती यामुळे. अट तीच, चालवताना ती वर घ्यायची. फुगे रिकामे ठेवून ऐटीत चालवली तर ती वाळूच्या गोणीवाली गाडीच झाली, बंपस्टॉपवर बसलेली.

आपल्या गावांत गाडी बसवू पाहणाऱ्यापुढे कलम 24008 नाही, पण मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे. आरसी बुकात कंपनीचे जे मूळ तपशील आहेत त्यांच्याशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कसोशीने लावले. फुगे, चॅसीची खाच, वाकवलेला अॅक्सल असे इलाज त्यामुळे इथे अवघड. उरते ती लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे मुळातच बसक्या उंचीसाठी बनवलेली स्प्रिंग. समजा मूळ गाडीत चाकाला वर यायला 8 सेंटिमीटर होते आणि ती 4 ने बसवली, तर निम्मे उरले. त्या निम्म्यात भागवायला स्प्रिंग कडक करावी लागते, आणि कडक स्प्रिंगला जोडीचे शॉकअप लागतात. हा पूर्ण जोड घेणारा आणि नुसती स्प्रिंग कापून घेणारा यांच्या बिलांत मोठा फरक असतो. तो फरक आरामाचा आहे. दोन-अडीच सेंटिमीटरवर थांबावे, टायरची भिंत कमी करू नये, आणि गाडी चार माणसे बसवून मोजावी, रिकामी मोजू नये, हे मी कोणालाही आग्रहाने सांगेन.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या मानकात गोलाकार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब सांगितला आहे, 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा. पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे अडीच मीटर अंतर असलेली हॅचबॅक त्याच्या मधोमध आली की चारही चाके कमानीवरच असतात आणि पोटाखालची जागा साडेचार सेंटिमीटरच्या आसपासच कमी होते. 16 सेंटिमीटर क्लिअरन्सची गाडी 4 ने बसवली तरी ती तिथून न घासता जाते. आपल्या गल्लीत मात्र तोच 10 सेंटिमीटरचा, कधी त्याहून उंच डांबराचा ढीग अर्ध्या मीटरात उभा केलेला असतो. तो दोन चाकांच्या मधोमध सगळाच्या सगळा वर येतो, आणि तिथे कारखान्यातून आलेली गाडीसुद्धा कधी कधी आपटते. रुग्णवाहिकेतल्या माणसालाही तोच ढीग सोसावा लागतो. म्हणून बसक्या गाडीच्या हौशी माणसाने आपल्या नगरपालिकेकडे मानकाप्रमाणे गतिरोधक मागितला, तर ती मागणी त्याच्या एकट्याची राहत नाही.